कड

नेव्हीनगरच्या खोलीत, समुद्राकडे पाठ करून
दोन फोटो एकावर एक ठेवते:
सत्त्याण्णवचा, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी काढलेला.
माउस टिचकवते. कड सरकते,
केसभरसुद्धा नाही.

वर्णपट सांगतो वायूचा वेग,
फोटो सांगतो कोन.
भागलं की अंतर.
मरत्या ताऱ्याने अंगावरचं काढलेलं पांघरूण
किती लांब वाळत घातलंय.

"फसशील," फ्रेनी दुबाश चहा फुंकत म्हणते,
"कड म्हणजे वायू नव्हे.
धक्क्याची लाट पुढे पळते,
वायू मागून रेंगाळत येतो.
तुझं उत्तर जवळचंच येणार."

दुरुस्ती धरली. सव्वापट.
अकरा वर्षांचं काम
एका ओळीत लांब गेलं.

रात्री नालासोपाऱ्याहून आईचा फोन:
"जवळच तर आहेस."

हो म्हटलं.