सतरा नंबर

आठव्या रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
यंत्रानं नियम फिरवला.
कुणी हात लावला नाही. मी सागरमाळला गाढ झोपलेली,
सकाळी येऊन फक्त तक्ता वाचला.

डावा दिवा, नाक, दुधाचा थेंब:
सात रात्री हेच खरं होतं.
मग डावीकडे थेंब नाही.
पुन्हा डावीकडे. नाही.
एकेचाळीस वेळा नाही.

त्यापुढं तक्त्यात अकरा मिनिटं कोरी.
तेवढ्यात त्यानं काय केलं, हे यंत्र मोजत नाही.
मिशा पुसल्या असतील,
भुश्यात तोंड खुपसून बसला असेल.
मग उजवा दिवा. थेंब.

पिंजरे धुता धुता नायकवडी मामा म्हणाले,
"एका रात्रीत शिकलं की वो बेणं!
आमचा थोरला बारा वर्षं झाली,
समोरनं आला की रस्ता बदलतोय."
आणि नळ मोठा सोडला.

संध्याकाळी बिंदू चौकात शिट्टी.
वन-वे बदलून महिना झाला,
माझी गाडी जुन्याच अंगाला वळलेली.
पावती फाडत हवालदार म्हणाला,
"मॅडम, बोर्ड दिसत नाही व्हय?"

दिसतो की.
मी मनात मोजत होते, ही कितवी.