नदीपात्र

पेपर सोमवारी.
कंदिलाची काच पुसून मी वाळूत बसते,
कोल्हे यायच्या आत एक प्रकरण.
मोंटेव्हिडिओ, एकोणीसशे तेहेतीस. राज्याला चार गोष्टी लागतात.

कायमची वस्ती.
आम्ही बारा झोपड्या, कार्तिक ते वैशाख.
मग वर गावात, मारुतीमागच्या गल्लीत.
पण घर कुठलं विचारलं की पोरं तापीकडेच बोट करतात.

निश्चित भूभाग.
इथे अडखळते. तापी दरवर्षी कूस बदलून निजते.
मागच्या साली जिथे आमचे वेल
तिथे यंदा कंबरभर पाणी.
सर म्हणाले होते, सीमा वादातल्या असल्या तरी चालतात,
मधला गाभा पाहिजे.
गाभा आहे. चिरलं की लाल.

सरकार.
दगूबाई वाडिले. दिवाळी सरली की ती दोरी टाकते,
विधवेला पाण्याजवळचा पट्टा, नव्या जोडप्याला कडेचा.
एकदा सख्ख्या भावाची दोरी तिने
सगळ्यांदेखत हातभर मागे सरकवली.
तेव्हापासून कुणी परत मोजत नाही.

इतरांशी संबंध ठेवण्याची क्षमता.
पलीकडच्या काठाला ठेलारी उतरतात.
त्यांच्या लेंड्या आमच्या चरांत,
आमची फुटकी टरबुजं त्यांच्या कोकरांना.
करार तोंडी. मोडल्याचं ऐकिवात नाही.

चारही झाल्या.
तरी तलाठ्याच्या नकाशात इथे नुसता निळा रंग
आणि निळ्यावर एक शब्द.

मान्यतेचे दोन पक्ष, पान बेचाळीस.
एक म्हणतो, दुसऱ्यांनी मानलं तरच राज्य जन्मतं.
दुसरा म्हणतो, ते असतंच, मान्यता मागून येते.
सुपडूमामाला वाचून दाखवलं.
तो विडी वाळूत खुपसत म्हणाला,
"कोनी मानो ना मानो, डांगर पिकसच."
मी समासात लिहिलं: पक्ष दुसरा.

खालच्या बॅरेजची दारं यंदा पहिल्यांदाच पडली आहेत.
नोटीस आली नाही. कुणाच्या नावाने काढतील?
संध्याकाळी कोरड्यात रोवलेली काठी
आता पाण्यात उभी आहे.
दगूबाई दोरी गुंडाळून कमरेला बांधते.

प्रकरणाच्या शेवटी, बारीक अक्षरांत:
भूभागच बुडाला तर राज्य उरतं का?
समुद्रातल्या बेटांची उदाहरणं दिलीत.
उत्तराच्या जागी, अद्याप अनिर्णित.

पाच मार्कांना येऊ शकतो.
मी पुस्तक ओढणीत बांधते,
कंदील मामाच्या हातात देते,
आणि पिकलेलं, न पिकलेलं,
हाताला लागेल ते खुडत सुटते.