किल्ली थांबेपर्यंत

दिवाळीनंतर पहिल्यांदा हॉर्नचा घसा बसला.
फालका बाजारात एका सांडामागे अडकून
मी बटण दाबलं, तर गाडीतून
नुसतं खाकरणं निघालं.
सांडाने एक कान हलवला. तेवढंच.

मग इंडिकेटर. डोळा उघडायचा
आणि मिटायचा विसरायचा.
किक मारली की निघायची अजून, चौऱ्याण्णव सालची आहे,
पण मुकी.
जानेवारीत हे चालत नाही.
इथला किल्ला अकरापर्यंत जागेवर नसतो कोहऱ्यामुळे,
आणि मला सव्वासातला
सातवी ब ला अपूर्णांक शिकवायचे असतात.

इद्रीस मिस्त्री म्हणाले, बॅटरी म्हातारी झाली.
नवी घेतली, जुनी परत देऊन चौदाशे पन्नास.
तिसऱ्या दिवशी नवीही म्हातारी.

मग त्यांनी रीतसर तपास मांडला.
इंजिन चालू ठेवून मीटर लावला:
चौदा पूर्णांक एक. भरते आहे.
रेक्टिफायर सोडला, हुंगला, परत जोडला.
किल्ली फिरवून बंद केली, काळी वायर सुटी केली,
मीटरचे चिमटे मधे धरले
आणि त्या एवढ्याशा खिडकीकडे आम्ही दोघं
ताप बघावा तसे बघत राहिलो.
शून्य.
हेडलाइटमागची गाठोडी उकलली. शून्य.
“यहाँ तो सोती है मॅडम, बच्ची की तरह.
आपके घर जाकर क्या करती है?”

काय सांगणार.
घरी तिला जिन्याखाली जागा आहे,
पाठ भिंतीला, अंगावर सतरंजी,
सतरंजीच्या कोपऱ्यात ऑइलपेंटने
माझ्या माजी सासऱ्यांची आद्याक्षरं.

करकरेबाई म्हणाल्या, उंदीर.
शाळेतला रामसेवक म्हणाला, लिंबू बांधा.
बडोद्याहून भाऊ म्हणाला, विकून टाक आता, शोभतं का.
मी, खरं सांगते, वरच्या मजल्यावरच्या ओजसवर
आठ दिवस संशय घेतला.

एका संध्याकाळी इद्रीस स्वतःच आले,
मफलर, आणि खिशात मीटर.
“रोज लावता तशी लावा. मी नाहीच आहे इथे.”

रोजची गोष्ट कुणासमोर करणं फार अवघड.
गाडी आत घेतली. स्टँड.
किल्ली फिरवली, काढली, पर्समध्ये टाकली.
सतरंजी पांघरली.
इद्रीसने हात वर केला, “रुकिए,”
आणि जिन्यातला बल्ब मालवला.

अंधारात
सतरंजीच्या विणीतून
काहीतरी तांबूस.

दसऱ्याला लॉक बदललं होतं.
मूळचं मिळेना, छावणीतल्या एका पोराने
दुसऱ्याच मॉडेलचं बसवून दिलं.
जुन्याला थांबे दोन होते. याला तीन.
तिसऱ्यावर P, पार्किंगचा:
किल्ली हातात येते, मागचा दिवा जळत राहतो.
दुकानात इद्रीस मधल्या थांब्यावर थांबत.
माझा हात एकोणीस वर्षं
थांबेपर्यंत फिरवतो आहे.
गॅसचं बटण, नळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण,
पुढे जात नाही म्हणजे बंद झालं,
एवढंच त्याला शिकवलेलं.

इद्रीस हसले नाहीत. पैसेही घेतले नाहीत,
चहा घेतला, गजकचा एक तुकडा.
जाताना मीटरची वायर गुंडाळत म्हणाले,
“तार होती तो बदल देता.
हाथ का क्या करूँ?”

आता मधेच थांबते.
हाताला पटत नाही, त्याला वाटतं
दार नुसतं लोटून निघालोय.
म्हणून रात्री एकदा खाली जाते,
सतरंजीचा कोपरा उचलून बघते.
अंधार. ठीक.

काल टॉर्च नेला होता.
मागच्या भिंतीवर, बरोबर टेललाइटच्या उंचीला
एका कोळ्याचं जाळं आहे,
चांगलं जुनं, दसऱ्यापासूनचं असेल,
पाखांचे सुके पंख अडकलेले त्यात.

याला पहिल्याच रात्री
कळलेलं दिसतंय.