पदरचा स्वर

एका सेकंदाचे पन्नास तुकडे करायचे,
प्रत्येकावर नंबर घालायचा
आणि सोडून द्यायचे.
याचाच मला पगार मिळतो
क्लाक्सविकच्या रेडिओ स्टेशनात, मासळीच्या कारखान्यावरच्या मजल्यावर,
जिथे मायक्रोफोनच्या फोमलासुद्धा कॉडचा वास येतो.

निघतात सगळे. पोचत नाहीत सगळे.
पंचाहत्तर अंश उत्तरेला उपग्रह क्षितिजाला टेकलेला,
जहाज जरा कललं की डोलकाठी आड येते
आणि कुणाचं तरी वाक्य पाण्यात.
पुन्हा मागवायची सोय नाही.
शिळा तुकडा घेऊन कान काय करणार?

म्हणून आधीच हातचा ठेवायचा:
दर दोन तुकड्यांमागे तिसरा, त्या दोघांची बेरीज.
एक बुडाला तर उरलेल्या दोघांना विचारायचं,
ते सांगतात तो कसा होता.
आणि निघण्याआधी पत्ते पिसावेत तसे पिसायचे,
म्हणजे लाट आली तरी
अख्खा शब्द गिळत नाही,
दहा शब्दांना नुसती चाटून जाते.

पिसण्यात एक सेकंद जातो.
ब्रान्दुर म्हणाला, थेट कार्यक्रमात हा सेकंद नको,
खलाशी माझ्या विनोदांना उशिरा हसतात.
नोव्हेंबरात मी पिसणं बंद केलं.

मार्चमध्ये हानुस जिना चढून आला.
सुन्वाला जाऊन अकरा दिवस झाले होते.
बूट काढू की नको, असं करत दारातच उभा;
मग खिशातून फोन काढला.
जहाजावर, पुलाशेजारच्या खोलीत, स्पीकरला टेकवून
त्याने तिचा निरोप भरून घेतला होता,
डिसेंबरातल्या एका रात्रीचा:
"हानुस, तुझा चष्मा सापडला. पावाच्या डब्यात होता."

एवढंच.

"नाव ऐक," तो म्हणाला. "नाव कसं घेतलंय.
तेवीस वर्षांत असं घेतलं नव्हतं."
खरंच, हा लांबला होता,
लांबून थोडा विरला होता,
जसं कुणी उंबऱ्यावर क्षणभर थांबावं.
मग नुस.

तो गेल्यावर मी नोंदी उघडल्या.
नऊ वाजून चौदा मिनिटं. ओळीने सहा तुकडे गायब,
त्यांच्या बेरजाही गायब.
एकशे वीस मिलिसेकंद, पापणी लवावी इतके.
अशा वेळी पलीकडचं यंत्र पदरचं घालतं:
मागचा स्वर ओढतं, रफू करतं,
आणि धागा संपत आला की हळूच आवाज उतरवतं.
तो आ तिचा नव्हता.
म्हणजे सुरुवात तिची, पुढचा यंत्राचा.

आमच्याकडे मूळ प्रत असते.
हेडफोन लावून ऐकली.
त्या जागी तिला खोकला आला होता.
छोटा, दाबलेला,
ओठांवर रुमाल असावा असा.
डिसेंबरात कुणाला खोकला नसतो?
मी तीनदा ऐकला,
चौथ्यांदा बटणावर बोट ठेवून बसून राहिले.
खाली कारखान्यात पाळी बदलली,
बायका गम्बूट धूत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो पेनड्राइव्ह घेऊन आला.
फोनवर भरवसा नाही म्हणाला, एकदा समुद्रात पडलाय.
मी त्याची फाइल उतरवून दिली,
बिट न् बिट तशीच, इंजिनाची घरघर धरून.
"स्टेशनातली प्रत जास्त स्वच्छ असेल ना?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, हो. स्वच्छ आहे.
तो थांबला. मीही.
मग त्यानेच मान हलवली,
"राहू दे. मी ऐकली ती हीच."

संध्याकाळी मी पिसणं पुन्हा सुरू केलं.
ब्रान्दुर कुरकुरला.
त्याच्या विनोदांना आता उत्तरेत
एक सेकंद उशिरा हसतात,
पण अख्खे हसतात.
मूळ प्रतीला मी नाव दिलेलं नाही,
नुसती तारीख. कपाटाची किल्ली
पावाच्या डब्यात ठेवते, का कोण जाणे.