शिवणीतला वाव

वडिलांच्या वहीत ते पान तसंच आहे.
वर निळ्या शाईत : हौसा मेस्त्री, बाळराजे.
उंची सव्वातीन फूट. छाती एकवीस. बाही बारा.
बाजूला मुंडाशाचा घेर, आणि खाली
आमच्या मशीनच्या तेलाचा डाग.

बाळराजे व्हायचा तो पोरगा गोवरानं पडला
आणि सेटवर बापाला भाकरी घेऊन आलेली ही,
मेस्त्रीची, नाकाला शेंबूड,
डायरेक्टरला दिसली.
दुपारच्या आत केस कापले.
वडील म्हणाले, "दस्तगीर, टाचण्या धर."
मी ओठांत धरल्या,
म्हणून 'हलू नको' म्हणता आलं नाही तिला.

ग्लिसरीन लागायचं नाही.
'बापाचं बोट करवतीखाली गेलं' एवढं कानात सांगायचं
की डोळे भरायचे,
आणि कट म्हटलं तरी थांबायचे नाहीत.
पोस्टरवर नाव आलं, बेबी हंसा.
गंगावेशीत म्हशीची धार थेट तिच्या पेल्यात, फुकट.
जोतिबाच्या खेट्यांना लोकांनी खांद्यावर घेतली,
निम्मा गुलाल देवाला, निम्मा हिला.

वडील शिवणीत दोन बोटं वाव ठेवायचे.
दर पिक्चरला उसवायचं, सोडायचं, इस्त्री मारायची.
मखमलीवर जुन्या शिवणीची रेघ राहायची.
कॅमेऱ्याला दिसायची नाही. आम्हाला दिसायची.
चार पिक्चर असे निघाले.
"हिला भाकरी अर्धीच घाला," शेठ म्हणाले
तिच्या आईला, हसत हसत.
आईनं ते हसण्यावारी नेलं नाही.

पाचव्याला वडील टेप घेऊन उठले
आणि परत बसले.
अम्मीला हाक मारली. अम्मीनं आतल्या खोलीत माप घेतलं,
बाहेर येऊन सगळं सांगितलं नाही.
वहीत त्या तारखेला उंची आहे, बाही आहे,
छातीचा रकाना कोरा.

शूटिंग आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी
शिरोळचा कुणी पोरगा तिच्या अंगरख्यात उभा होता
आणि वडील वाव परत आत घेत होते.

पुढं पिक्चरच आटले. मेस्त्रीनं उभा केलेला राजवाडा
फळी-फळीनं विकला गेला,
त्यातले दोन खांब वडणग्याच्या एका गोठ्यात आहेत म्हणतात.
मी बघायला गेलो नाही.

परवा ती दुकानात आली.
कपिलतीर्थात मिरच्या विकते, हातांना तोच वास.
नातवाची शाळेची चड्डी शिवायची होती.
मी टेप लावला. सव्वातीन फूट.
सवयीनं म्हणालो, "दोन बोटं वाव ठेवतो, दोन वर्सं जातील."
"नगं," म्हणाली. "मापात शीव.
वाढला की नवी घिऊ."

पोरगं भिंतीवरच्या फोटोकडं बघत होतं.
मुंडासं, लाकडी तलवार, डोळ्यांत पाणी.
"आज्जी, ह्यो कोण?"

तिनं कनवटीचे पैसे काढले, दोनदा मोजले.
"हुता एक."
मग माझ्याकडं वळून,
"आणि बटणं घट लाव रं, दस्तगीर.
मागल्या बारीला आठ दिसांत निघाली."