पाणी कुठं जातं

डॉन एवारिस्तो विनोद सांगतात
तो दर वेळी तोच: पाद्री, ऑक्टोपस आणि विधवेची कढई.
ऑक्टोपस कढईत पडायच्या आतच
मुकादमीण रेमेदिओस हसायला लागते,
मग कारकून, चष्मा पुसत,
मग डब्यांना झाकणं लावणाऱ्या,
आणि अगदी शेवटी आम्ही कात्रीवाल्या,
सार्डिनची मुंडकी उडवणाऱ्या.
पगाराच्या दिवशीही रांग हीच असते.

बावीस वर्षं ऐकतेय.
एकदा तर ते कढईच विसरले,
तरी आम्ही वेळेवर हसलो.

मी नवीन होते तेव्हा माझं हसं व्हायचं.
हसू येतं ते आपलं.
हसं होतं ते इतरांचं, आपण फक्त जागा पुरवायची.
मी डावखुरी. कात्री उलटी धरायचे,
शेजारणीला कोपर लागायचं,
"आली बघा खेकडी!"
खेकडी. अकरा वर्षं.
माझ्या लग्नातसुद्धा कुणीतरी तिरकं चालून दाखवलं
आणि पांढऱ्या झग्यात मी
सगळ्यांच्या आधी हसले.
आधी हसलं की कमी लागतं.

मग शियाना आली, आन्कारेसच्या डोंगरातून,
लोकरी मोजे, थंडीनं फुटलेले हात.
समुद्र पाहिलेलाच नव्हता तिनं.
पहिल्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर उभी,
समोर नुसता चिखल, आडव्या पडलेल्या होड्या,
तर म्हणते,
"सकाळी होतं ते पाणी कुठं गेलं?
कुणी नेलं?"

काय हसलो आम्ही!
ओबदुलियाच्या हातातला पाव पडला.
"नेलं ना, माद्रिदला, ट्रक भरभरून!"
सगळ्यांत मोठ्यानं मी.
खोटं कशाला बोलू,
इतकी मोकळी मी कधीच हसले नव्हते.
माझी खुर्ची रिकामी झाली होती
आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत होतं.

नाताळच्या आधी, तेलाचं पिंप फुटलं त्या दिवशी
डॉन एवारिस्तो घसरले.
दोन्ही पाय वर, टोपी मुंडक्यांच्या टोपलीत,
मग फरशीवर बसलेले, विजारीतून तेल निथळतंय.
चाळीस कात्र्या थांबल्या.
कुणी हसेना.
आमचं लक्ष रेमेदिओसच्या तोंडाकडे,
तिचं त्यांच्या तोंडाकडे,
आणि ते? ते एकेकीकडे बघत होते,
जसं आम्ही बघायचो,
विनोद संपला की नाही ते ठरवायला.
शियाना तेवढी पुढं झाली.
"लागलं का हो?"

त्या रात्री मात्र ते घराघरांत पडले.
आमच्या स्वयंपाकघरात चार वेळा.
नवऱ्यानं डोक्यावर पातेलं घातलं,
मुलगा तेल झाला, जमिनीवर सपाट,
मी खिडकी लावून घेतली आणि पोट धरधरून हसले.
शेजारी कारकून राहतो,
भिंतीपलीकडून त्याचंही खिदळणं येत होतं.
सकाळी जिन्यात भेटलो
तर दोघंही खाली मान घालून उतरलो.

एक गोष्ट घरी सांगितली नाही.
उठताना त्यांनी शियानाचा हात धरला होता
आणि हळूच, फक्त तिला, विचारलं,
"फार हसण्यासारखा दिसलो का गं?"
मी डावखुरी, नेमकी त्या बाजूला वळलेली,
म्हणून कानावर आलं.
"मला नाही कळत," ती म्हणाली, "मी नवीन आहे."

आता ती नवीन नाही.
झाकणांवर गेली, आमच्या आधी हसते.

काल ओहोटी होती. चिखल, होड्या, बगळे.
खरं म्हणजे त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी
एकीलाही उत्तर ठाऊक नव्हतं.
तिच्या शेजारी उभी राहून मी विचारलं,
"शियाना, पाणी जातं तरी कुठं गं?"

ती हसली. चांगली मोठ्यानं.
मग तिच्या बाजूच्या हसल्या.
मी माझ्या नंबराची वाट बघत
तिथंच उभी.