प्रश्न अकरावा

गेल्या बारा महिन्यांत अंगावर काही गोंदवलंय का?
उदगीरच्या रक्तपेढीत मी हे रोज विचारते.
बहुतेक जण हसतात.

मन्मथ हसला नाही. बाही वर सारली:
मनगटाच्या आत शिवकांता,
‘शि’ची वेलांटी अजून खपलीखाली.

माळेगावच्या जत्रेत काढलं,
घोड्यांच्या बाजाराकडेला, जनरेटरच्या धुरात.
ऐंशी रुपये. बदामाचे वीस वेगळे.
सुई नवी होती?
“मशीन नवी होती, बाई.”
आणि शाई?
“एकाच झाकणात, समद्यांची.”
आपल्या आधी किती जण, ते बोटांवर मोजू लागला,
बोटं संपल्यावर गप्प झाला.

वरच्या मजल्यावर शिवकांता.
पहाटे मुलगी झाली, रक्त थांबेना.
“तिचंच नाव हाय की. तिलाच देऊलालो.
कामून चालंना?”

सांगता आलं असतं,
कावीळ दोन प्रकारची, एचआयव्ही,
सुरुवातीचे काही आठवडे तपासणीलाही सापडत नाहीत,
दाराआड उभ्या माणसासारखे,
ज्याची सावलीही आत पडत नाही.
मी एवढंच म्हटलं,
सुईला नाव वाचता येत नाही.

माझ्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत.
आम्ही पाच जणी, एक करवंटी, एक सुई.
गोंदणारीण प्रत्येकीनंतर ती पदराला पुसायची,
आम्हाला वाटायचं, किती स्वच्छ बाई.
नोकरी लागली त्या आठवड्यात, रात्रपाळीला,
मी माझंच रक्त काढून लावलं,
नळीवर नाव न लिहिता.
काही निघालं नाही.
कुशावर्ता मात्र पस्तिशीत गेली, डोळे हळदीसारखे, पोट फुगून.
सुईनं की आणखी कशानं,
कुणी तपासलं नाही. मीसुद्धा तेव्हा
बारावीच्या अभ्यासात होते. नाही, खोटं.
लग्नात होते, तिच्याच धाकट्या बहिणीच्या.

पशुवैद्यक कॉलेजच्या होस्टेलवर फोन लावला.
दोन पोरं आली, ओल्या केसांची, धापा टाकत.
पिशव्या वर गेल्या.

मन्मथ बाकावर, मनगट मुठीत धरून,
जणू तिथूनच काही वाहतंय.
तुझी तपासणी आज, मी म्हटलं,
मग परत तीन महिन्यांनी.
“तारीख हातावरच लिहा,” त्यानं तळवा पुढं केला.

मी पेन उचललं.
मग कागद शोधला.